हप्ते फिटतात, झीज राहते

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कितीतरी घरांत लहान मालवाहू गाडी ही शेतीबाहेरची पहिली मोठी गुंतवणूक असते. २००५ साली टाटा मोटर्सने दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ‘एस’ बाजारात आणली. पाऊण टन माल वाहणाऱ्या या गाडीला लोकांनी लगेच छोटा हाथी म्हणायला सुरुवात केली आणि तीनचाकी टेम्पोवाला चारचाकीचा मालक झाला. त्याच्या वरच्या पायरीवर दीड-पावणेदोन टनांचे पिकअप आहेत : बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, टाटाची योद्धा. नारायणगावचा टोमॅटो, रत्नागिरी-देवगडचा आंबा, चाकणच्या कारखान्यांचे सुटे भाग, लग्नाच्या मांडवाचे सामान, सगळे याच गाड्यांच्या हौद्यातून फिरते. आणि ही गाडी घ्यायची की नाही, हे बहुतेक वेळा दोनच आकड्यांवर ठरते : आधी किती भरायचे आणि हप्ता किती. गाडी दारात आली की हिशेब आणखी सोपा होतो. भाड्यातून डिझेल वजा केले, महिन्याअखेर हप्ता वजा केला, उरले ते आपले. हा हिशेब चुकीचा आहे, कारण पिकअपचे बरेच मोठे खर्च रोजचेही नसतात आणि महिन्याचेही नसतात. ते वर्षांनी मोजावे लागतात आणि समोर येतात तेव्हा एकदम येतात. तोवर मालकाने ते पैसे नफा समजून खर्च केलेले असतात.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. आकडे ढोबळ आहेत. आपल्या गाडीचे, आपल्या गावचे आकडे घालून ते ज्याने त्याने बदलावेत. पिकअप रस्त्यावर येईपर्यंत, म्हणजे कर, पहिल्या वर्षाचा विमा आणि हौद्याचे काम धरून, ११ लाख रुपये पडले असे समजू. त्यातले २ लाख पदरचे आणि ९ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी. हप्ता साधारण १९,५७० रुपये बसतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे २ लाख ७४ हजार जातात. गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालली आणि आठ वर्षांनी ३ लाखांना विकली, तर एकूण धाव २ लाख ४० हजार किलोमीटर आणि गाडीच्या किमतीत झालेली घट ८ लाख. भरल्या-रिकाम्या खेपा मिळून लिटरला सरासरी १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर २० हजार लिटरचे १८ लाख होतात. पुढच्या सात वर्षांचा विमा २ लाख, टायरचे चार जोड सव्वा लाख, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती मिळून ४ लाख, पासिंग, पीयूसी आणि किरकोळ कागदपत्रे ६० हजार. चालकाचा पगार महिना १५ हजार धरला तर आठ वर्षांत १४ लाख ४० हजार. टोल, वाराई आणि हमाली बहुधा भाड्यावर वेगळी लागते म्हणून ती सोडून दिली. एवढे सगळे मिळून होतात जवळजवळ ५१ लाख. किलोमीटरमागे २१ रुपये २५ पैसे.

या बेरजेत पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे शोरूममध्ये ज्या किमतीवर आपण दोन-पाच हजारांसाठी तासभर घासाघीस करतो, तिचा एकूण खर्चातला वाटा फार लहान आहे. विक्रीतून परत आलेले ३ लाख वजा केले तर गाडीची किंमत एकूण खर्चाच्या सोळा टक्क्यांच्या आसपास राहते. डिझेल पस्तीस टक्क्यांच्या घरात आणि चालक अठ्ठावीस टक्के. म्हणजे एक गाडी दुसरीपेक्षा ४० हजारांनी महाग असली, पण तिने लिटरमागे एकच किलोमीटर जास्त दिला, तर आठ वर्षांत डिझेलवरच सुमारे १ लाख ३८ हजार वाचतात. शिवाय डिझेलचा दर मालकाच्या हातात नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने डिझेलवरचे नियंत्रण काढले, २०१७ च्या जूनपासून दर रोज ठरू लागले आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. ज्यांनी वर्षाचे भाडे आधीच ठरवून दिले होते, त्यांची ही दरवाढ स्वतःच्या खिशातून गेली असणार, हे सांगायला हिशेबतपासनीस लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे झीज. तिची पावती येत नाही, म्हणून ती खर्चात धरली जात नाही. पण ती कल्पनेतली नाही. विमा कंपन्या ती दरवर्षी मोजतात. गाडीची विमा रक्कम ठरवण्याच्या प्रचलित तक्त्यात पहिल्या सहा महिन्यांतच किमतीतून पाच टक्के वजा होतात, वर्ष पुरे होईपर्यंत पंधरा टक्के, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत निम्मे. बाजारभाव या तक्त्याला धरूनच चालतो असे नाही, पण दिशा हीच असते. आपल्या उदाहरणात ८ लाखांची झीज ९६ महिन्यांत वाटली तर महिन्याला ८,३३३ रुपये होतात. पहिली पाच वर्षे मालक हप्ता भरतो तेव्हा ही झीज नकळत भरली जात असते. सहाव्या वर्षी हप्ता थांबतो आणि दरमहा साडेएकोणीस हजार हातात उरू लागतात. धंदा आता कुठे सुटला असे वाटते. प्रत्यक्षात नेमक्या याच काळात इंजेक्टर, टर्बो, क्लच प्लेट, पाटे आणि बॉडीचा पत्रा एकामागून एक पैसे मागू लागतात आणि पुढच्या गाडीसाठी रक्कम साठवायचीही हीच वेळ असते. हप्ता संपल्यावरचे पैसे घरखर्चात मुरले, की आठव्या-नवव्या वर्षी मालक पुन्हा शून्यावर येतो आणि नवे कर्ज काढतो. आठ वर्षे राबून त्याने मिळवलेली असते फक्त चालकाची मजुरी.

तिसरी आणि कदाचित सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रिकामी खेप. २१ रुपये २५ पैसे हा चाललेल्या प्रत्येक किलोमीटरचा खर्च आहे, भाडे मिळालेल्या किलोमीटरचा नव्हे. गाडीच्या एकूण धावेपैकी साठ टक्के भरून होत असेल, तर भाड्याच्या प्रत्येक किलोमीटरवर सुमारे ३५ रुपये खर्च पडतो. जाताना माल आणि येताना कायम मोकळी असेल, तर साडेबेचाळीस. समजा जाऊन-येऊन २०० किलोमीटरच्या खेपेला ३,५०० रुपये मिळाले आणि परत मोकळेच यावे लागले. डिझेलला १,५०० गेले, हातात २,००० राहिले. वरवर दिवस चांगला गेला. पूर्ण हिशेबात मात्र त्या खेपेचा खर्च ४,२५० आहे, म्हणजे मालकाने ७५० रुपये घालून दुसऱ्याचा माल पोचवला. यावर कोणीही अनुभवी गाडीवाला लगेच म्हणेल की गाडी दारात उभी राहण्यापेक्षा ही खेप बरी. त्याचे म्हणणे खरे आहे. डिझेल, टायर आणि दुरुस्ती एवढाच चालता खर्च धरला तर तो किलोमीटरमागे ९ रुपये ७० पैसे, म्हणजे २०० किलोमीटरला १,९४० रुपये आहे. त्यावर जे मिळेल ते हप्त्याला आणि पगाराला हातभारच लावते. एखाद्या मोकळ्या दिवशी असे भाडे घेणे शहाणपणाचे आहे. पण तोच आपला नेहमीचा दर करणे म्हणजे धंदा हळूहळू मोडीत काढणे. बाजारात भाडी पडतात त्यामागे स्पर्धा असतेच, पण डिझेल सोडून दुसरा खर्च न मोजणारा शेजारचा गाडीवालाही असतो.

उभ्या गाडीचा प्रश्न इथूनच पुढे येतो. आपल्या उदाहरणातला झीज, व्याज, विमा, पासिंग आणि चालक हा खर्च गाडी चालो न चालो होणारच आहे, आणि तो वर्षाला सुमारे ३ लाख ४७ हजार आहे. गाडी वर्षाला ४५,००० किलोमीटर धावली तर एकूण खर्च किलोमीटरमागे साडेसतरा रुपयांच्या आत येतो. ३०,००० ला सव्वाएकवीस, आणि १५,००० वर अडकली तर जवळपास ३३ रुपये. कमी चालणाऱ्या गाडीची झीज थोडी कमी होते हे मान्य, पण त्याने चित्र पालटत नाही. म्हणून गाडी घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न ‘हप्ता झेपेल का’ हा नसून ‘वर्षाला किती भरलेले किलोमीटर मिळतील’ हा आहे. ज्याच्याकडे कारखान्याचे, दूध संघाचे किंवा व्यापाऱ्याचे बांधलेले काम आहे, त्याला महाग गाडीही परवडते. ज्याला रोज नाक्यावर उभे राहून भाडे शोधायचे आहे, त्याला स्वस्त गाडीही महाग पडते.

आयकर खातेसुद्धा या धंद्यातून फार कमाई होते असे धरून चालत नाही, हे इथे सांगण्याजोगे आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची जी सोय आयकर कायद्यात आली, तिच्यात २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर बारा टनांपर्यंतच्या गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरले गेले. वर्षाला ९० हजार. ही करभरणा सोपा करण्याची तरतूद आहे, कोणा गाडीवाल्याच्या कमाईचे मोजमाप नव्हे. पण त्या रकमेत घसारा आधीच वजा झाला आहे असे मानले जाते. कर आकारणारेही झीज विसरत नाहीत, तर मालकाने का विसरावी?

विम्याकडे पाहण्याची पद्धतही बदलायला हवी. साडेसात टनांपर्यंतच्या, भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ पासून १६,०४९ रुपये ठरला, कर वेगळा. इतका पैसा जातो म्हणून पुष्कळ जण तेवढाच विमा काढून थांबतात, आणि मग अपघातात स्वतःच्या गाडीचे नुकसान पूर्णपणे स्वतःच्या माथी येते. पूर्ण विमा काढणाऱ्यालाही एक बारीक अक्षरांतली अट ठाऊक नसते : मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर यांसारख्या भागांचे नुकसान जादा हप्ता भरून ‘आयएमटी २३’ हे कलम घेतल्याशिवाय सहसा मिळत नाही, आणि पिकअपला ठोकर लागते ती बहुधा याच भागांना. त्याहून गंभीर धोका माणसे बसवण्याचा. जत्रेला, लग्नाला किंवा शेतमजुरीला माणसे हौद्यातून नेण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर कायदा त्याला विम्याचे संरक्षण देतो. पण मालवाहू गाडीतून असेच नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस दिला. पुष्कळदा न्यायालये विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतात आणि ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. मग एका फेरीच्या चार पैशांसाठी घर आणि जमीनही पणाला लागू शकते. माणसांच्या जिवाची किंमत तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : ‘थोडा जादा माल घातला की सगळे भरून निघते.’ २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि दर जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च मालकाचाच. एका पकडीत कितीतरी खेपांची वरकमाई जाते. पकडले गेले नाही तरी खर्च टळत नाही, तो पाट्यांत, बेअरिंगमध्ये, ब्रेकमध्ये आणि टायरमध्ये साठत जातो. जादा भाराखाली टायर जास्त दबतो, तापतो आणि लवकर फुटतो. रस्त्याचेही तेच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या चौथ्या घातानुसार वाढते. भार पाव पटीने वाढला की हानी जवळजवळ अडीच पट. हे खड्डे पुन्हा त्याच पिकअपच्या पाट्यांवर येऊन आदळतात.

दुसरा आक्षेप : ‘मी स्वतः चालवतो, मला चालकाचा पगार नाही.’ पगार बाहेर जात नाही हे खरे, पण गाडीने आधी चालकाची मजुरी द्यावी आणि वर मालकाला गुंतवणुकीचा मोबदला द्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. दुसऱ्याची गाडी चालवून जे मिळाले असते तेवढेच स्वतःची गाडी चालवून मिळत असेल, तर ११ लाखांचा धोका फुकट घेतला असे होते. तिसरा आक्षेप : ‘मी गाडी पंधरा वर्षे वापरीन.’ यात तथ्य आहे. नीट जपलेली गाडी जास्त वर्षे ठेवली तर वार्षिक झीज नक्कीच कमी होते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पहिली आठ वर्षे योग्यता प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांनी लागते, त्यानंतर दरवर्षी. २०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर आणि त्याभोवतीचे सेन्सर आले. हा फिल्टर स्वच्छ राहायला एक्झॉस्ट पुरेसा तापावा लागतो. शहरात रांगत चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आणि मग गल्लीतल्या मिस्त्रीच्या पान्याने काम भागत नाही, स्कॅनर लागतो. शिवाय दुरुस्तीत गेलेला दिवस हा केवळ दुरुस्तीचा खर्च नसतो, तेवढ्या दिवसांचे भाडे बुडते आणि कधी बांधलेले गिऱ्हाईकही जाते.

चौथा आक्षेप जुन्या गाडीचा, आणि तो बराचसा पटण्याजोगा आहे. सर्वांत मोठी झीज पहिल्या मालकाने सोसलेली असल्याने चार-पाच वर्षांची चांगली गाडी कमी धावेच्या धंद्याला शोभते. मात्र जुन्या गाडीवर व्याज सहसा जास्त आणि मुदत कमी असते, म्हणून दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवूनच हा व्यवहार करावा. विजेवरच्या गाडीचेही गणित याच सूत्रात बसते. टाटाने २०२२ साली ‘एस ईव्ही’ आणली तेव्हा तिची बॅटरी २१.३ युनिटांची आणि भारक्षमता ६०० किलो होती. किलोमीटरमागचा विजेचा खर्च डिझेलच्या तुलनेत अगदी थोडा पडतो, पण खरेदीची किंमत जास्त असते. म्हणजे स्थिर खर्च वाढतो आणि चालता खर्च घटतो. शहरात रोज ठरलेल्या मार्गावर भरपूर फिरणाऱ्याला ती परवडेल. आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्याला नाही.

शेतकऱ्याची बाजू मात्र वेगळी मोजायला हवी. तोडलेला भाजीपाला पहाटेच्या लिलावाला पोचला नाही तर दर पडतो, आणि हंगामात भाड्याची गाडी ऐनवेळी मिळत नाही. वेळेवर पोचण्याची ही किंमत खरी आहे. पण तिलाही आकडा लावता येतो. वर्षाला ८,००० किलोमीटरच धाव असेल, तर स्वतः चालवूनही पूर्ण खर्च किलोमीटरमागे ३० रुपयांवर जातो. भाड्याच्या गाडीचा खर्च आणि उशिरामुळे होणारे नुकसान यांची वर्षाची बेरीज त्याहून मोठी असेल, तरच गाडी घ्यावी. शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक गाडी घेतली किंवा एकाच गाडीवाल्याशी हंगामाचा करार केला, तर तीच सोय पुष्कळ स्वस्तात मिळते.

मग ज्याने गाडी घेतली आहे किंवा घ्यायचे ठरवले आहे त्याने काय करावे? एक वही घालावी आणि तीत रोज तीनच गोष्टी लिहाव्यात : एकूण किलोमीटर, भाड्याचे किलोमीटर आणि भरलेले डिझेल. टायर आणि दुरुस्तीसाठी चाललेल्या प्रत्येक किलोमीटरमागे किमान २ रुपये २० पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धाव असेल तर ते साडेपाच हजार होतात. शेवटचा हप्ता फिटला त्याच्या पुढच्या महिन्यापासून निदान अर्धा हप्ता पुढच्या गाडीसाठी भरतच राहावा. आणि भाडे ठरवताना जाण्याचे नव्हे, जाऊन परत येण्याचे अंतर धरावे. एवढे करूनही महिन्याअखेर चालकाच्या पगारावर काही उरत असेल, तर तो धंदा आहे. उरत नसेल, तर भाडे वाढवावे किंवा काम बदलावे; आणि दोन्ही जमत नसेल तर गाडीला चांगली किंमत येते आहे तोवर ती विकून टाकावी.